खाते फुकट, पत्ता कोणाचा?

ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले, की आपण आता झोहो मेल वापरू लागलो आहोत, तेव्हा बदललेल्या पत्त्याची नोंद घ्यावी. त्याच सुमारास दुसरी एक बातमी आली. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या ई-मेल पेट्या याच झोहो कंपनीच्या यंत्रणेवर हलवण्यात आल्या होत्या, आणि त्यांच्या पत्त्यांच्या शेवटचे ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ मात्र होते तसेच राहिले होते. पेटी सांभाळणारा बदलला, पत्ता बदलला नाही. पहिल्या बातमीची चर्चा फार झाली, दुसरीची कमी. पण नवी मोफत ई-मेल सेवा समोर आली की काय पाहावे, हे दुसऱ्या बातमीतून जास्त कळते. जागा किती जीबी मिळते, जाहिराती दिसतात का, कंपनी देशी की परदेशी, हे प्रश्न आपण लगेच विचारतो. माझ्या मते त्यांच्याआधी विचारायला हवे ते हे, की उद्या इथून निघायचे ठरवले तर बरोबर काय नेता येईल?

ई-मेल पत्त्याचे दोन भाग असतात. ‘ॲट’च्या चिन्हाअलीकडचे नाव आपण निवडतो, पलीकडचे, ज्याला डोमेन म्हणतात, ते मोफत खात्यात बहुधा सेवा देणाऱ्याचे असते. पत्र निघाले की पाठवणाऱ्याचा सर्व्हर आधी अलीकडच्या नावाकडे बघतच नाही. तो इंटरनेटच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, एवढेच विचारतो की या डोमेनचे टपाल कोण घेते? त्याचे उत्तर तिथे एका ओळीत लिहिलेले असते. तिला एमएक्स नोंद म्हणतात. त्या ओळीत ज्या सर्व्हरचे नाव, त्याच्या दारात पत्र जाऊन पडते आणि पुढे आपली पेटी शोधण्याचे काम तो करतो. ही ओळ बदलण्याचा अधिकार डोमेन ज्याच्या नावावर आहे त्याचा. सरकारी डोमेन सरकारच्या हातात होते म्हणूनच पेट्या हलल्या तरी पत्ते टिकले. जीमेल डॉट कॉमची ओळ गूगलशिवाय कोणी बदलू शकत नाही. आपण वीस वर्षे वापरलेला, बँकेला, पॅनकार्डाला, मुलांच्या शाळेला दिलेला पत्ता त्या ओळीच्या पलीकडे नेता येत नाही.

मोफत सेवांनी लोकांचे भले केले नाही असे मुळीच नाही. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले, तेव्हा ई-मेल बहुतेकांना नोकरीतून, विद्यापीठातून किंवा इंटरनेट जोडणी देणाऱ्याकडून मिळत असे. नोकरी सुटली की पत्ता गेला. हॉटमेलने ती गाठ सोडवली. ब्राउझर असलेल्या कुठल्याही संगणकावर बसा आणि आपली पत्रे वाचा, ही सोय त्या काळी विलक्षणच होती. पाठवलेल्या प्रत्येक पत्राखाली ‘तुम्हीही मोफत खाते उघडा’ अशा अर्थाची ओळ जोडलेली असे, त्यामुळे प्रत्येक पत्र म्हणजे जाहिरात झाली. दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने ही सेवा सुमारे ४० कोटी डॉलरना घेतली. पुढे १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले. हॉटमेलची मोफत पेटी तेव्हा २ एमबीची होती आणि गूगल १ जीबी देत होते. पाचशे पट जागा, तीही एक एप्रिलला, त्यामुळे पुष्कळांना ती थट्टाच वाटली. लोक गेले ते जागेसाठी. पत्राच्या मजकुरावरून जाहिराती ठरवण्याची पद्धत गूगलने २०१७मध्ये बंद करत असल्याचे जाहीर केले, पण तोवर तो पत्ता कोट्यवधी लोकांच्या ओळखीचा भाग झाला होता. नोकरीशी बांधलेल्या पत्त्यातून आपण सुटलो आणि कंपनीशी बांधलेल्या पत्त्यात आलो.

हा पत्ता उसना आहे, हे कधी कधी फार उघडपणे दिसते. २०१३मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली खाती मोकळी करून ती नावे नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली. साधे, लक्षात राहणारे नाव मिळाले म्हणून नवे लोक खूश झाले. पण काहींच्या पेटीत जुन्या मालकाची पत्रे येऊन पडू लागली. जुन्या माणसाने वर्षानुवर्षे ज्या ज्या ठिकाणी तो पत्ता दिला होता, त्यांना मालक बदलल्याचे कोण सांगणार? यातली धोक्याची बाजू नीट समजून घ्यायला हवी. आज बहुतेक संकेतस्थळांवर पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड करण्याची लिंक ई-मेलवर येते. म्हणजे पेटी ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीच्या बऱ्याच कुलपांच्या किल्ल्या. गूगलही डिसेंबर २०२३पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू लागले आहे. सुरक्षिततेचा विचार केला तर हे धोरण समजण्यासारखे आहे, पण खात्यावर शेवटचा शब्द कोणाचा, हेही त्यातून कळते.

पत्ता नाही तर निदान पत्रे तरी नेता येतात का, हेही पाहावे. त्यासाठी आयमॅप नावाची जुनी, सर्वमान्य पद्धत आहे. तिच्या मदतीने दुसरा प्रोग्रॅम आपल्या पेटीत शिरून पत्रे उचलू शकतो. इथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते. जाहिरातींवर चालणारे जीमेल ही सोय फुकट देते. उलट, गोपनीयतेसाठी नावाजलेले स्वित्झर्लंडचे प्रोटॉन मेल आणि जाहिराती न दाखवणारे झोहो मेल यांच्या मोफत योजनेत ती मिळत नाही. पैसे भरणाऱ्यांना मिळते. यात लबाडी नाही. त्यांचे पोट वर्गणीदारांवर चालते, तेव्हा फुकटच्या पायरीवर काहीतरी राखून ठेवणारच. पण सेवा चांगली आहे म्हणून तिचा बाहेरचा दरवाजाही रुंद असेल, असे गृहीत धरू नये. या अटी बदलतही असतात. खाते उघडतानाच वाचाव्यात.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपन्या थोड्याच बंद पडणार आहेत? नसतील पडत. पण प्रश्न कंपनी बुडण्याचा नाही, आपल्याला निघावेसे वाटण्याचा आहे. मोबाइलच्या बाबतीत आपण हे अनुभवले आहे. २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, लग्नपत्रिकेवर छापलेला दहा आकडी नंबर आपला झाला आणि ग्राहकाच्या शब्दाला वजन आले. ई-मेलच्या पत्त्याला असा नियम नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, तो असा की स्वतःचे डोमेन घेणे सामान्य माणसाला झेपणारे नाही. दरवर्षी काही शे ते हजारभर रुपये भरावे लागतात, आणि नूतनीकरण विसरले तर ते नाव दुसरा कोणी घेऊ शकतो; मग याहूच्या त्या जुन्या खातेदारासारखीच गत. ज्याची पत्रे म्हणजे ओटीपी आणि वीजबिल एवढीच, त्याने या भानगडीत पडू नये असेच मी म्हणेन.

संस्थांना मात्र ही सबब नाही. गृहनिर्माण सोसायटी घ्या. सचिवांच्या स्वतःच्या मोफत खात्यावर महापालिकेची नोटीस येते, लिफ्टच्या देखभालीचा करार येतो, ऑडिटरचे प्रश्न येतात. निवडणूक होऊन समिती बदलते. नवे सचिव फायली ताब्यात घेतात, शिक्का घेतात, चेकबुक घेतात. पत्रव्यवहार जुन्या सचिवांच्या फोनमध्येच राहतो. पतसंस्था, ग्रंथालये, शाळा, गणेश मंडळे यांचीही तीच स्थिती. इथे संस्थेच्या नावाचे डोमेन घेऊन त्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार असे पत्ते काढले, तर माणसे बदलली तरी पेटी जागेवर राहते. झोहोच्या मोफत योजनेत असे डोमेन जोडून पाच जणांची खाती काढता येतात. सेवा पसंत पडली नाही तर एमएक्सची ती ओळ बदलून दुसरीकडे जाता येते. फक्त डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावावर हवी, संकेतस्थळ करून देणाऱ्या उत्साही तरुणाच्या नव्हे, आणि नूतनीकरणाची तारीख मेंटेनन्सच्या आणि विम्याच्या तारखांबरोबर वहीत लिहिलेली हवी.

वैयक्तिक खाते बदलणाऱ्याने घाई न केलेली बरी. नवे खाते उघडल्यावर जुन्यातून पत्रे पुढे पाठवण्याची सोय लावावी, मग बँक, आयकर, विमा, भविष्यनिर्वाह निधी या क्रमाने पत्ता बदलत जावे, आणि निदान वर्षभर जुन्या पेटीत कोणाची पत्रे अजून येतात ते पाहत राहावे. एखादी विमा कंपनी वर्षातून एकदाच लिहिते. नंतरही जुने खाते सोडून देऊ नये. अधूनमधून लॉगिन करून ते आपल्या ताब्यात ठेवावे.