गवत विकू नका, जमीन तयार करून द्या: घरामागच्या पटिंग ग्रीनचा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कृत्रिम गवताचा रोल, कटर आणि जोडपट्टी पाहिली. त्यामागचा हिशेब वहीत उतरवण्यासारखा आहे, म्हणून तो इथे लिहून देतो.

विषय आहे घराच्या मागच्या अंगणात पटिंग ग्रीन बसवून देण्याचा. गोल्फमध्ये चेंडू होलजवळ आला की तो उडवत नाहीत, हलक्या हाताने जमिनीवरून ढकलतात. त्याला पटिंग म्हणतात. त्याच्या सरावासाठी आखूड, दाट गवताचा जो सपाट पट्टा लागतो, तो पटिंग ग्रीन.

"गोंदियात गोल्फ कोण खेळतो?"

हा प्रश्न बरोबर आहे. फक्त पटिंग ग्रीनच्या भरवशावर इथे धंदा उभा करू नका. पण त्याच अवजारांवर आणि त्याच माणसांवर बंगल्याचं अंगण, गच्ची, बालवाडीचा कोपरा, लॉनवरचा फोटो पॉइंट ही कामंही होतात. पटिंग ग्रीन हे त्यातलं सगळ्यात कडक काम. सजावटीच्या गवताखाली अर्ध्या इंचाचा खड्डा राहिला तर कोणाला कळत नाही. इथे चेंडू वळतो आणि चूक लगेच उघडी पडते.

1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. चेंडू खालच्या जमिनीचंच ऐकतो, हे विसरू नका.

ग्राहक शोधताना राइस मिल मालकांचे बंगले, डॉक्टर मंडळी, शहराबाहेरची फार्महाऊस आणि नवेगाव-नागझिऱ्याकडची रिसॉर्ट यांची यादी करा. जंगलालगतचं काम असेल तर परवानग्यांची जबाबदारी मालकाची, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

खरं काम गवताखाली आहे

आपण धानाच्या मुलखातले. बांधीत पाणी थांबावं म्हणून आपण चिखलणी करतो. इथे नेमकं उलटं करायचं आहे. आणि आपल्याकडचे कितीतरी लेआउट जुन्या बांध्यांवरच पडले आहेत. म्हणजे ग्राहकाच्या अंगणाखाली पाणी धरून ठेवणारी माती असण्याची शक्यता मोठी.

म्हणून भाव सांगण्याआधी एक फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा आणि तासाभराने पाहा. पाणी जवळपास तेवढंच असेल, तर भोकांचा पाइप टाकून पाणी बाहेर काढावं लागेल. तो खर्च कोटेशनमध्ये आलाच पाहिजे.

कामाचा क्रम असा ठेवा:

1. साधारण 5 इंच माती काढा. मुळं, तण साफ करा.
2. तळ धुम्मस करून घ्या आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. त्यामुळे माती आणि गिट्टी मिसळत नाही.
3. 4 इंच गिट्टी टाका. थोडी थोडी टाकून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा.
4. वर 1 इंच क्रशरची डस्ट. पाणी शिंपडून दाबा, सरळ पट्टी फिरवून खळगे भरा.
5. होलचा कप बसवा. गोल्फच्या होलचा व्यास 4.25 इंच म्हणजे 108 मिलिमीटर असतो, खोली किमान 4 इंच. कपाच्या बुडाला भोक आणि खाली गिट्टी ठेवा, नाहीतर पावसात कप भरून राहील.
6. मग गवत अंथरा, कडा पक्क्या करा, कंपनीने सांगितलेली सिलिका वाळू ब्रशने आत बसवा.

उतार घराच्या भिंतीपासून बाहेर द्या. साडेसहा फूट रुंदीला साधारण पाऊण इंच पुरतो.

आधी रोलची रुंदी, मग नकाशा

नवा माणूस इथे पैसे घालवतो. बाजारात 2 मीटरचे, म्हणजे जवळपास साडेसहा फुटांचे रोल सर्रास मिळतात. ग्राहक म्हणाला, "10 बाय 20 करून द्या." तर 20 फुटांच्या दोन पट्ट्या लागतील. म्हणजे 260 चौरस फूट गवत विकत घ्याल आणि 200 वापराल. 60 चौरस फूट कापून वाया, वर मधोमध जोड.

त्याऐवजी साडेसहा बाय 30 सुचवा. 195 चौरस फूट, वाया जवळपास काही नाही, जोडही नाही. पटिंगला तसाही लांब पट्टाच उपयोगी. रुंदच हवं असेल तर 13 बाय 15 करा. एकच जोड येईल, पण दोन्ही पट्ट्यांची लव एकाच दिशेला ठेवा.

या 195 चौरस फुटांना 65 घनफूट गिट्टी आणि सुमारे 16 घनफूट डस्ट लागते. दाबल्यावर माल बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त धरा. सगळं मिळून साधारण 1 ब्रास. शिवाय 80 घनफुटांच्या वर माती निघेल. ती ट्रॉलीने कुठे टाकणार आणि भाडं कोण देणार, हे आधीच ठरवा.

कोटेशन असं बनवा

गवत, वाहतूक, गिट्टी-डस्ट, मशीनचं भाडं, मजुरी, माती उचलणं आणि दुरुस्तीसाठी राखीव रक्कम, सगळं जोडा. समजा एकूण खर्च 40,000 आला (हा फक्त हिशेबाचा आकडा, बाजारभाव नाही). त्यावर 20 टक्के चढवले तर 48,000 होतात, पण नफा विक्रीच्या 17 टक्केही नाही. विक्रीवर 20 टक्के हवे असतील तर 40,000 ला 0.8 ने भागा. उत्तर 50,000. प्रत्येक कामात हे 2,000 सुटले, तर वर्षाअखेर धंदा चालला पण हातात काही नाही, असं होतं.

पैसे तीन टप्प्यांत घ्या: माल मागवण्याआधी निम्मे, तळ तयार झाल्यावर 40 टक्के, काम सोपवताना 10 टक्के. रंग उडण्याची हमी कंपनीची, तळ बसण्याची हमी तुमची. दोन्ही वेगवेगळ्या लिहा.

आणखी एक गोष्ट तोंडावर सांगा: मे महिन्याच्या दुपारी हे गवत खऱ्या गवतापेक्षा खूप तापतं. अनवाणी चालणार असाल तर आधी पाणी मारावं लागेल. हे आधी सांगितलं तर माहिती, नंतर सांगितलं तर सबब.

पावसाळ्याचं गणित

आपल्याकडे जून ते सप्टेंबर खोदकाम जवळपास बंद. आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिने काढायचे आहेत. म्हणून रोलचा साठा करून पैसे अडकवू नका, ऑर्डर आल्यावर मागवा. कॉम्पॅक्टर भाड्याने घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती आजच करा. अवजारांसाठी मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळू शकतं.

आणि पाणी साचून तळ बसला, तर गवत, डस्ट, गिट्टी सगळं उचलून परत करावं लागतं, तेही तुमच्या खिशातून. असं एक काम आधीच्या कामांचा नफा खाऊन टाकतं. म्हणून खड्ड्याची परीक्षा टाळू नका.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या तीन घरांची मागची अंगणं मोजा, खड्ड्यात पाणी ओतून पाहा आणि तिन्हींची कोटेशन कागदावर मांडा. रोल मात्र अजून एकही विकत घेऊ नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!