नुरा कुस्ती नको, निकाली खेळ हवा

स्वदेशी वस्तूला गुणांची सूट द्यावी काय, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. साबण, आगपेटी, कापड, औषध अशी वळणे घेत तो आता विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइल फोनपर्यंत येऊन पोहोचला आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने तयार केलेला ‘इंडस’ हा अनेक खेळाडूंनी एकाच वेळी खेळावयाचा युद्धखेळ १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वांसाठी खुला झाला. त्यापूर्वीच एक कोटीहून अधिक लोकांनी त्यासाठी आपली नावे नोंदविली होती. आपल्या भूमीवर, आपल्या तंत्रज्ञांनी घडविलेला खेळ म्हणून त्याचे स्वागत झाले. परंतु स्वागताचे तोरण सुकण्यापूर्वीच खेळाडूंच्या तक्रारी सुरू झाल्या. अशा खेळांबाबत या तक्रारी सर्वत्र तीनच असतात. खेळ अडखळतो, समोर खरी माणसे नसतात, आणि हे सारे आम्ही पूर्वी कोठेतरी पाहिले आहे.

अशी तक्रार करणाऱ्या मुलास दोन उत्तरे मिळतात. घरातील वडीलधारे म्हणतात, खेळूच नकोस म्हणजे तक्रार उरणार नाही. आणि स्वदेशीचे कैवारी म्हणतात, आपलाच खेळ आहे, थोडे सांभाळून घे. ही दोन्ही उत्तरे तक्रारीला बगल देतात. वास्तविक या तिन्ही तक्रारींचे मर्म कोल्हापूरच्या वाचकास समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, तेव्हापासून या नगरीने खेळ पारखण्याची काही मोजमापे मनाशी बाळगली आहेत. माती कशी आहे, जोड कशी लावली आहे, आणि पैलवानाचा डाव त्याचा स्वतःचा आहे काय, हे तीन प्रश्न येथील प्रेक्षक विचारीत आला आहे. मोबाइलवर खेळणारा मुलगाही वेगळ्या शब्दांत हेच विचारतो आहे.

भावनेवर भरलेले मैदान

थोडी पार्श्वभूमी ध्यानात घेणे अवश्य आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली, त्यांत ‘पबजी मोबाइल’ हा अत्यंत लोकप्रिय खेळ होता. रिकाम्या झालेल्या मैदानात उतरण्याची घोषणा बंगळूरच्या एन्कोर गेम्स या कंपनीने केली. तिच्या ‘फौजी’ या खेळासाठी नोंदणी खुली होताच २४ तासांत १० लाखांहून अधिक नावे आली. २६ जानेवारी २०२१ रोजी, प्रजासत्ताकदिनी, खेळ प्रसिद्ध झाला. लोकांची अपेक्षा होती ती पबजीची जागा घेणाऱ्या सामुदायिक खेळाची. प्रत्यक्षात हाती आले ते गलवान खोऱ्याच्या पार्श्वभूमीवर एकट्याने करावयाच्या हाणामारीचे कथानक. त्यात बंदूक नव्हती, आणि दुसऱ्या खेळाडूशी गाठही पडत नव्हती. ती सोय काही महिन्यांनी आली. तोपर्यंत खेळाडूंची निराशा होऊन चुकली होती. पुढे जुलै २०२१ मध्ये पबजीच नव्या भारतीय नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वर बंदी आली. एवढ्या उलथापालथीतून एकच बोध निघतो. देशप्रेमाने मैदान भरता येते, पण कुस्ती मात्र पैलवानालाच करावी लागते.

मातीचा प्रश्न

आता पहिल्या तक्रारीकडे वळू. आखाड्यातील लाल मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मळली जाते, कारण खराब मातीत चांगला पैलवानही जायबंदी होतो. या नव्या खेळाची माती म्हणजे हातातील फोन, मोबाइलचे जाळे आणि दूरवर बसविलेला सर्व्हर. पडद्यावरील हालचाल सलग भासावयाची तर सेकंदाला ६० चित्रे उमटावी लागतात, म्हणजे प्रत्येक चित्रास सुमारे १७ सहस्रांश सेकंदच मिळतात. काचतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. सर्व्हर मुंबईत असेल तर कोल्हापूरच्या खेळाडूचा संदेश जाऊन येण्यास निसर्गनियमाने चारपाच सहस्रांश सेकंद पुरेत. तोच सर्व्हर सुमारे चार हजार किलोमीटरांवरील सिंगापुरात असेल तर किमान ४० सहस्रांश सेकंद लागणारच, आणि वाटेतील यंत्रांचा विलंब त्यात मिळविला की प्रत्यक्ष काळ बराच वाढतो. परिणाम असा होतो, की ज्याने आधी नेम धरला तोच आधी पडतो, आणि आपण का पडलो हे त्यास कळतही नाही.

फोनची कथा याहून बोलकी आहे. फोन तापला की त्यातील प्रक्रियक स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून हे खेळ पहिली दहा मिनिटे सुरळीत चालतात आणि अखेरीस, म्हणजे वर्तुळ आवळत आलेले असताना आणि निकाल हातातोंडाशी आला असताना, अडखळू लागतात. महागड्या फोनच्या मालकास ही अडचण क्वचितच येते. ती येते शिपायाच्या, शेतमजुराच्या, कारकुनाच्या मुलास, ज्याच्या हाती घरातला जुना फोन असतो. म्हणून खेळ अडखळतो ही तक्रार ऐषआरामाची नसून न्यायाची आहे. भारतीयांसाठी भारतात घडविलेला खेळ जर भारतातील सामान्य फोनवर नीट चालत नसेल, तर त्याच्या स्वदेशीपणाचा नेमका अर्थ काय, असे कोणी विचारल्यास त्यात वावगे काहीच नाही.

जोड कोण लावणार?

दुसरी तक्रार संख्येची आहे, आणि तीच सर्वांत जिव्हाळ्याची आहे. येथे साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहावा. एका डावात १०० खेळाडू लागतात आणि खेळाडू एका डावात सरासरी २० मिनिटे गुंततो असे धरू. कोणासही मिनिटाहून अधिक ताटकळावे लागू नये, असे वाटत असेल तर दर मिनिटास नवा डाव सुरू झाला पाहिजे. म्हणजे एका रांगेसाठी कोणत्याही क्षणी सुमारे २,००० माणसे खेळात हवीत. परंतु रांग एकच नसते. एकट्याने, जोडीने आणि चौघांच्या गटाने खेळण्याच्या तीन रांगा झाल्या. नवशिक्यास मुरब्ब्यापुढे उभे करू नये म्हणून कौशल्याच्या चार पायऱ्या केल्या, की बारा रांगा झाल्या. आता २४,००० माणसे हवीत, आणि तीही सायंकाळीच नव्हे तर भर दुपारी आणि उत्तररात्रीही! नोंदणीच्या वेळचा कोटीचा आकडा आणि प्रत्यक्ष मैदानातील हा आकडा यांत महदंतर असते. नाव नोंदविणे फुकट असते, रोज येणे मात्र फुकट नसते.

माणसे पुरेशी नसली की काय होते? कंपनी यंत्रचालित खेळाडू उतरविते. त्यांस बॉट म्हणतात. त्यांची नावे माणसांसारखी असतात, वेश माणसांसारखा असतो, आणि ती ठरल्याप्रमाणे पडतात. कुस्तीच्या परिभाषेत यास एकच शब्द आहे, नुरा कुस्ती. नवशिक्या पोरास वस्ताद मुद्दाम पाठ टेकून देतो, त्यात काही गैर नाही, कारण ती शिकवणी असते आणि ती शिकवणी आहे हे दोघांनाही ठाऊक असते. गैर आहे ते प्रेक्षकांना आणि पैलवानाला न सांगता ठरवून केलेली लढत इनामाची म्हणून खपविणे. ज्या मुलाने दहा जणांस लोळविल्याच्या आनंदात मित्रांना हाक मारली, त्यास ते दहाही जण लाकडाचे होते असे नंतर कळते, तेव्हा त्याचा विश्वास उडतो. तो निघून जातो. एक माणूस गेला की त्याच्या जागी आणखी एक बॉट येतो, आणि हे चक्र मैदान पूर्ण ओस पडेपर्यंत फिरत राहते.

हे संकट केवळ आपल्याकडील लहान कंपन्यांचे नव्हे. सोनीसारख्या बलाढ्य संस्थेने २३ ऑगस्ट २०२४ रोजी ‘कॉनकॉर्ड’ हा खेळ बाजारात आणला. संगणकावरील स्टीम या विक्रीकेंद्रावर त्यात एका वेळी ७०० खेळाडूही जमले नाहीत. यासारखे खेळ आधीच आहेत, मग हा कशासाठी, असे लोक म्हणाले. ६ सप्टेंबरला, अवघ्या दोन आठवड्यांत, तो बंद करण्यात आला आणि ग्राहकांना पैसे परत देण्यात आले. पैशाने आखाडा बांधता येतो, गर्दी विकत घेता येत नाही. कोल्हापुरातील तालमींचे फुटबॉल पाहणाऱ्यास हे सांगावयास नको. संघ हरला तरी पेठेतील माणूस पुढच्या सामन्यास येतो, कारण तो संघ त्याचा असतो. मोठ्या बक्षिसांच्या आणि नामांकितांच्या जाहिरातींवर खर्च करणाऱ्या कंपन्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत असा आपलेपणा रुजविण्याचा यत्न केला, तर रांगा आपोआप भरतील.

डाव कोणाचा?

तिसरी तक्रार नक्कलेची. तिचा विचार अधिक सावधपणे केला पाहिजे. अखेरचा उरेल तो जिंकला, ही कल्पना २०१७ सालच्या पबजीचीही मूळची नव्हे. १९९९ च्या एका जपानी कादंबरीत आणि २००० साली तिच्यावरून निघालेल्या चित्रपटात ती होती. पबजीच्या मालकांनी ‘फोर्टनाइट’विरुद्ध कोरियात गुदरलेला दावा २०१८ मध्येच मागे घेतला. २०२२ मध्ये त्यांनी ‘फ्री फायर’च्या कंपनीस अमेरिकेतील न्यायालयात खेचले. कायदा मात्र एवढेच मानतो, की कल्पना कोणाच्या मालकीची नसते, तिचा विशिष्ट आविष्कार असतो. आपली पचिसी साहेबाने नेली आणि १८९६ मध्ये इंग्लंडात ‘लुडो’ म्हणून तिचे पेटंट झाले. पुढे नवी मुंबईतील एका कंपनीने तोच लुडो मोबाइलवर आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत त्याच्या सोंगट्या धावल्या. यात मूळचे कोण आणि उसने कोण?

कुस्तीत धोबीपछाड आणि ढाक कोणा एकाच्या नावावर नाहीत. तथापि तोच डाव मारण्याच्या ढंगावरून पैलवान ओळखला जातो. ‘इंडस’मध्ये असा एक यत्न दिसतो. वीरलोक नावाच्या कल्पित भूमीत चालणाऱ्या या खेळात अखेरचा उरणे हा विजयाचा एकमेव मार्ग नाही. कॉस्मियम नावाचे द्रव्य काबीज करूनही डाव जिंकता येतो. हा बदल खेळाच्या हाडाला भिडणारा आहे. याउलट पात्राला मोराचा तुरा किंवा हत्तीचे बळ देणे ही केवळ वेशभूषा झाली. परक्या सांगाड्यावर फेटा बांधल्याने तो सांगाडा आपला होत नाही. ज्यांनी पहिल्या प्रकारचा बदल केला, त्यांनी तो अधिक खोल न्यावा, हाच नक्कलेच्या तक्रारीचा विधायक अर्थ आहे.

या बाबतीत कोल्हापुरास आपलाच दाखला आहे. बाबूराव पेंटर यांनी विदेशी कॅमेऱ्याची रचना अभ्यासून १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा घडविला. तत्त्व उसने होते, यात शंका नाही. परंतु त्या यंत्रातून १९२० साली ‘सैरंध्री’ बाहेर पडली, आणि १९२५ साली सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा सांगणारा ‘सावकारी पाश’ आला. लोकांनी ते चित्रपट स्वदेशीची कीव म्हणून पाहिले नाहीत, त्यांत आपले जगणे दिसले म्हणून पाहिले. पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली आणि देशभर गाजली. नव्या खेळकंपन्यांना वारसा हवाच असेल तर तो हा आहे.

कंपन्यांचीही बाजू आहे, ती नाकारता येत नाही. परदेशी संस्थांच्या तुलनेत त्यांचे भांडवल आणि मनुष्यबळ तुटपुंजे असते. पहिल्याच आठवड्यात शिव्यांची लाखोली वाहून आणि एक तारा देऊन खेळाडू मोकळे झाले, तर सुधारणेस अवसर राहत नाही. म्हणून तक्रार आणि शिवीगाळ यांत भेद केला पाहिजे. कोणता फोन, कोणती वेळ, कोणते जाळे, कोठे अडखळले, हे लिहिणारा विद्यार्थी त्या कंपनीचा विनावेतन तपासनीसच असतो. वडीलधाऱ्यांची काळजीही खरी आहे. अभ्यासाचा वेळ आणि डोळ्यांचे आरोग्य हे प्रश्न घरोघर आहेत. पण खेळ अप्रामाणिक राहिल्याने ती काळजी कमी होत नाही, उलट वाढते.

शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा करून पैशाच्या खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. यास क्रीडा म्हणावयाचे ठरले असेल, तर क्रीडेचे दंडकही लागू झाले पाहिजेत. डावात बॉट किती आहेत हे खेळाडूस आधी कळावे. सर्व्हर कोठे आहे आणि कोणत्या फोनवर खेळ तपासला आहे हे जाहीर असावे. खेळ बंद करावयाचा झाल्यास पुरेशी पूर्वसूचना मिळावी आणि नुकत्याच केलेल्या खरेदीचे पैसे परत व्हावेत. ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ हा नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेला खेळ बंद झाला, तेव्हा विकत घेतलेली वस्तू कायमची निकामी करण्याचा अधिकार विक्रेत्यास कोणी दिला, असा प्रश्न युरोपात उभा राहिला. त्यावरील निवेदनावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. खाऊच्या पैशांतून चाळीस-पन्नास रुपयांचा आभासी पोशाख घेणाऱ्या आपल्या मुलांस हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कमी आहे, असे मानण्याचे कारण नाही.

स्वदेशी खेळाला गुणांची सूट देणे म्हणजे त्यास कायमचा कच्चा ठेवणे होय. त्यास जोखणारा, टोचून विचारणारा आणि सुधारणा दिसताच पुन्हा परतणारा खेळाडू हाच त्याचा खरा आश्रयदाता आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी त्या मुलास गप्प करण्यापूर्वी एकदा त्याची तक्रार नीट ऐकून घ्यावी. मैदान समान हवे, प्रतिस्पर्धी खरा हवा आणि डाव आपला हवा, एवढेच तो मागतो आहे.