साडीने मोजलेले घर

ज्याला राहावयास जागा नाही त्याच्या निवाऱ्याचा आराखडा अभियंत्याने आखावा, कारकुनाने दफ्तरात नोंदवावा आणि बेघराने किल्ली हाती पडेपर्यंत मुकाट्याने वाट पाहावी, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो रिवाज मुंबईत भायखळ्याच्या पदपथांवर संसार मांडलेल्या बायकांनी, त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नसताना, मोडला. म्हणून ती हकीकत थोडी सावकाश सांगावीशी वाटते.

१९८१ च्या पावसाळ्यात राज्य शासनाने पदपथांवरील झोपड्या उठवून तेथील माणसांना त्यांच्या मूळ गावी धाडण्याचे ठरविले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काहींनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने जुलै १९८५ मध्ये दिलेल्या निकालात, उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु रीतसर सूचना देऊन झोपड्या हटविण्याची मुभाही महापालिकेस दिली, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत काय ती मुदत राहिली. तत्त्व थोर खरे. पण पोरांना घेऊन पदपथावर निजणाऱ्या बाईला त्या तत्त्वाचा आडोसा किती दिवस पुरणार होता?

त्याच वर्षी, आदल्या साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांच्याच साहाय्याने त्यांची खानेसुमारी केली. सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे मोजली गेली. ही माणसे आज आली उद्या गेली अशी नव्हती, वर्षानुवर्षे तेथेच राहत होती, आणि जेथे पायी कामाला जाता येईल तेथेच त्यांनी बिऱ्हाड थाटले होते, हे त्या मोजणीतून उघड झाले. माझ्या मते खरे नियोजन येथेच सुरू झाले. कारण ज्याची नोंद नाही त्याला शिधापत्रिका नाही, आणि सरकारदरबारी शिधापत्रिकेवाचून माणसाचे अस्तित्वच सिद्ध होत नसे.

पुढल्या वर्षी उभ्या राहिलेल्या ‘महिला मिलन’ या पदपथावरील बायकांच्या संघटनेने बचतीची जी तजवीज केली ती तर जवळून पाहण्यासारखी. जिला आकडा वाचता येत नाही तिच्या नावे प्लॅस्टिकची एक पिशवी, आणि तीत रंगीत कागदाचे तुकडे. रंगावरून रक्कम कळावी आणि आपला हिशेब जिचा तिला पडताळता यावा. घर केव्हा मिळेल याचा भरवसा नसताना घरासाठी पैसा साठविणारी ही माणसे केवळ आश्रित होती, असे कोण म्हणेल?

मग घराचा विचार निघाला. अंगावरच्या साडीच्या मापाने लांबी, रुंदी, उंची ठरवीत त्यांनी खोलीची कल्पना बांधली आणि खऱ्या आकाराचे नमुने उभारून ते लोकांना दाखविले. खोलीची उंची चौदा फूट हवी, म्हणजे वर माळा घालता येईल, ही सूचना त्यांचीच. थोड्या जागेत मोठ्या कुटुंबाने कसे निजावे आणि कोठे कमवावे, याचा अनुभव दुसऱ्या कोणाजवळ होता?

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात पदपथवासीयांचा समावेश झाला, आणि त्यानंतरही बरीच वर्षे लोटल्यावर मानखुर्दला त्यांच्या पक्क्या घरांचे मिलन नगर उभे राहिले. अर्थात, ही वाट कुटुंब आणि शेजार असणाऱ्यांची. जो एकटा आहे, आजारी आहे, मनाने खचला आहे, त्याला आधी रात्रीचा निवारा, औषधपाणी आणि कोणाची तरी विचारपूस लागते. दर लाख नागरी वस्तीमागे चोवीस तास उघडा असा एक निवारा असावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा आदेश अशांसाठीच आहे. त्या निवाऱ्यात संडास कोठे असावा, दार किती वाजता उघडावे, पहाटे नाक्यावर कामाला जाणाऱ्याने आपली वळकटी कोठे ठेवावी, हे तेथे निजणाऱ्यालाच विचारावयास हवे. आणि मानखुर्दच्या पक्क्या घरातून भायखळ्याच्या धुण्याभांड्यांच्या कामावर जाणाऱ्या बाईलाही विचारावयास हवे, की पूर्वी पायी गाठता येणाऱ्या त्या कामासाठी आता लोकलच्या पासाला महिन्याकाठी किती पैसे मोडतात.