चाकांवरचं घर – लेखांक ६ : छप्पर काठावरून जातं

खामगावच्या मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर छपराच्या कडेला, पत्रा आणि प्लायच्या मधे टेकवला आणि जरा दाबताच तो मुठीपर्यंत आत गेला. "भाऊ, हे तं सडलं ना," असं म्हणत त्याने आतून गाळलेल्या चहापत्तीसारखा काळा, ओला भुगा काढून माझ्या तळहातावर ठेवला. वरून पत्रा अगदी धडधाकट दिसत होता. मागच्याच महिन्यात मी त्याला पांढरा रंग दिला होता.

नवीन वाचकांसाठी सांगतो, ही आमच्या गावच्या दिंडीसोबत जाणारी पिकअप. चालताना छप्पर खाली बसलेलं असतं. मुक्कामी पोहोचलो की ते दीड फूट वर उचलायचं, चारी बाजूंची ताडपत्री ताणायची, मग आत माणूस ताठ उभा राहतो. शेगावहून पालखी निघते तेव्हा टिन तापलेलं असतं आणि पंढरपूर येईस्तोवर पावसात चिंब भिजलेलं. एका छपराला एकाच महिन्यात दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

छप्पर बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'मजबूत काय?' मीही तोच विचारला होता. पण जुनं छप्पर उकलून अंगणात ठेवलं तेव्हा दिसलं की मधला भाग अजून ठणठणीत आहे. सडलं होतं ते काठावर, कोपऱ्यांत आणि प्रत्येक स्क्रूच्या भोवती रुपयाएवढ्या गोलात. घाटावरच्या धाब्याच्या घरांचंही हेच. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरतात, ती मधे कमी पडली तरी निभतं, पण पन्हाळीजवळ आणि भिंतीच्या सांध्यात कसूर झाली की पाणी थेट अंथरुणावर. त्यामुळे माझा प्रश्न बदलला. कुठला पत्रा काठावर आणि भोकापाशी सर्वांत कमी त्रास देईल?

पाणी आत शिरतं कसं, ते आधी पाहू. आमचं छप्पर नऊ फूट लांब. थंडीतल्या पहाटे दहा-पंधरा अंशांवर असलेला पत्रा मे महिन्यात घाटाखाली दुपारी साठ-पासष्टवर जातो. पन्नास अंशांच्या या फरकात नऊ फुटांचं ॲल्युमिनियम तीन मिलिमीटर वाढतं, लोखंडी पत्रा साधारण दीड. प्लाय मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. म्हणजे स्क्रू एका जागी घट्ट आणि पत्रा त्याच्याभोवती आकुंचन-प्रसरण करतोय. दोन-चार वर्षांत भोक लांबट होतं, वरचं सिलिकॉन कडेने सुटतं, आणि केसाएवढ्या फटीतून प्लाय पाणी ओढून घेतो. वरून रंग दिल्याने ते थांबत नाही. उलट आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मी तेच केलं होतं.

आता प्लायबद्दल. दुकानात सगळंच 'वॉटरप्रूफ' असतं. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक. त्यात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. मी एवढं सरपण जाळायला तयार नव्हतो. तीन दुकानांतून तीन तुकडे आणले, जुन्या पातेल्यात टाकून चुलीवर आठ तास उकळले. 'कमर्शियल' म्हणून दिलेला तुकडा दोन तासांत पुस्तकासारखा उघडला. ज्याच्यावर 'वॉटरप्रूफ' असा ठळक शिक्का होता, तो पाचव्या तासाला कोपऱ्यातून फुगला. तिसरा टिकला. घरच्यांनी पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलं नाही, तो खर्च वेगळा. आणि टिकलेल्या तुकड्याबद्दलही गैरसमज नको. त्याचा गोंद टिकतो, लाकूड पाणी पीतच राहतं.

प्लाय आणि हवामानाचं हे भांडण जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं मॉस्किटो विमान प्लाय आणि हलक्या बाल्सा लाकडाचं होतं. युरोपात त्याने नाव कमावलं. १९४४ मध्ये भारतात आलेल्या काही मॉस्किटोंचे पंख हवेत निखळले, अपघात झाले आणि ती विमानं काही काळ जमिनीवरच ठेवावी लागली. तपासात पंखांचे जोड सदोष निघाले. गफलत तिथेही काठावर आणि सांध्यातच होती.

पण मॉस्किटोची मूळ कल्पना, दोन पातळ थरांमधे हलका गाभा, आपल्याला हवीच आहे. किराणा दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा हातात घ्या. दोन पातळ कागद आणि मधे लाटेसारखा तिसरा. कागद वाकतो, पुठ्ठा वाकत नाही, कारण दोन कागदांत अंतर आहे. पाटी एकाच पदार्थाची असेल तर जाडी दुप्पट केल्यावर ताठपणा आठपट होतो. मग मधला भाग जड कशाला ठेवायचा? तिथे फोम घालायचा आणि वर-खाली पातळ, मजबूत कातडी चिकटवायची. आमच्या जुन्या छपरात १२ मिलिमीटर प्लाय सुमारे ३६ किलो आणि अर्धा मिलिमीटर लोखंडी पत्रा १८ किलो, मिळून ५४. नव्यात वर एक मिलिमीटर ॲल्युमिनियम, मधे २५ मिलिमीटर फोम, आत चार मिलिमीटर मरीन प्लाय. गोंद आणि काठाच्या पट्ट्या धरून पस्तीसच्या आसपास. शिवाय फोममुळे दुपारी आत बसता येतं.

मधला फोम निवडताना मी माती खाल्ली, तेही सांगतो. आधी सगळं फायबरचंच करायचं ठरवलं होतं. स्वस्त म्हणून थर्माकोलचे शीट आणले आणि त्यावर पॉलिस्टर रेझिन ओतलं. डोळ्यांदेखत थर्माकोल उन्हातल्या बर्फाच्या गोळ्यासारखा खाली बसला. रेझिनमध्ये स्टायरीन असतं, थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. एकाच घरचे, एकमेकांत विरघळणारच. थर्माकोल वापरायचाच तर एपॉक्सी घ्यावं, नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) फोम.

फायबर मी शेवटी सोडलं ते गारपिटीमुळे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. ॲल्युमिनियमला गारेने पोचा पडतो. फायबरला चांदणीसारखा बारीक तडा जातो. पोचा दिसायला वाईट, पण त्यातून पाणी येत नाही.

पाट्या रंगवणाऱ्या दुकानांत मिळणारा एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) पत्रा हलका, सपाट आणि स्वस्त. मोह होतो. पण स्वस्त एसीपीच्या पोटात पेट घेणारं पॉलिथिलिन असतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर तसलीच आवरणं होती, आणि २०१७ च्या आगीत तिथे ७२ माणसं गेली. आमच्या गाडीत छपराखाली शेगडी पेटते. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, तेव्हापासून इथे कुणी गाडीतल्या आगीला हसत नाही. फोमही जळतोच, म्हणून तो कुठेही उघडा राहता कामा नये.

पाटी दाबून चिकटवायला प्रेस कुठून आणायचा? व्हॅक्यूम पिशवी लावली तर हवाच दर चौरस मीटरला दहा टनांपर्यंत दाब देते. आम्ही अंगणात सपाट फळ्या मांडल्या आणि वर सोयाबीनची पोती रचली, रात्रभर. दाब कमी, पण सगळीकडे सारखा. चारी काठांना आतून लाकडी पट्टी घातली, स्क्रू फक्त त्या पट्टीतच. भोक आधी मोठं पाडून एपॉक्सीने भरलं आणि त्यात बारीक भोक घेतलं, म्हणजे पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू नको, ओलीत दोघांचं जमत नाही आणि ॲल्युमिनियम खंगतं. सांध्यात सिलिकॉनऐवजी पीयू सीलंट भरलं. ते पत्र्याबरोबर ताणतं आणि त्यावर रंगही बसतो.

कागदपत्रांचं एकच वाक्य: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा छपराची उंची वा आकार बदलणार असाल तर आधी बुलडाण्याच्या आरटीओत विचारा.

छप्पर बसवलं. कडी काढली आणि ते धाडकन वर गेलं. जुन्या ५४ किलोंसाठी लावलेले गॅसचे शॉकअप आता पस्तीस किलोंना ढकलत होते. खाली घ्यायला मिस्त्री एका बाजूला लोंबकळला, मी दुसऱ्या. "वजन कमी केलं नं भाऊ, आता तुमीच बसा वर," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कमी ताकदीचे चार शॉकअप आणले. जुने त्याच्या दुकानात पडून आहेत.