कापूस मोजला, तास मोजायचे राहिले

लोणारच्या विवराचं वय किती, याची दोन उत्तरं विज्ञानाने दिली आहेत. आघाताने वितळून तयार झालेल्या काचेवर उष्मादीप्तीची पद्धत वापरली, तेव्हा वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून मोजलं, तेव्हा ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. विवर तेच, मोजण्याची रीत बदलली आणि उत्तर दहापटींहून अधिक बदललं. इतक्या जुन्या घटनेबाबत असं होणं समजू शकतं. पण या विवराच्या भोवतालच्या शेतांत काल एखाद्या बाईने नेमके किती तास काम केलं, हेही आपल्याला खात्रीने सांगता येत नाही. आणि देशाची उत्पादकता काढताना भागायचं असतं ते याच तासांनी.

उत्पादकता म्हणजे साधा भागाकार. अंशस्थानी देशात निर्माण झालेलं मूल्य, छेदस्थानी त्यासाठी खर्ची पडलेलं श्रम. हे श्रम माणसं मोजून मांडता येतं किंवा तास मोजून. दोन्हींतून निघणारी चित्रं फार वेगळी असतात, आणि वर्तमानपत्रांत येणाऱ्या तुलनांमध्ये कोणता छेद घेतला आहे हे बहुधा सांगितलेलंच नसतं.

अंशावर आपण बरीच मेहनत घेतली आहे. पीक कापणी प्रयोग शेतकऱ्याला चांगलेच ठाऊक आहेत, कारण विम्याची भरपाई त्यांवर ठरत आली आहे. सोडत काढल्यासारखं शेत निवडायचं, त्यात मोजून तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं. या पद्धतीला शास्त्रीय पाया देण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. १९४० च्या दशकात तुकडा केवढा असावा यावरून सुखात्मे आणि संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात जाहीर मतभेद झाले. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की फार लहान तुकड्यात उत्पन्न फुगून दिसतं. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड जास्त. आणि कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर अशी शंका आली, की मोजणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. रोपांच्या एका ओळीसाठी इतकं भांडणारी माणसं आपल्याकडे होती, याचा मला अभिमान वाटतो.

श्रमाच्या तासांबाबत हा काटेकोरपणा फार उशिरा आला. बेरोजगारी कशी मोजावी हे तपासणाऱ्या दांतवाला समितीच्या १९७० च्या अहवालानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीत रोजच्या कामाची नोंद अर्ध्या दिवसाच्या मापाने होऊ लागली. चार तास किंवा अधिक काम म्हणजे पूर्ण दिवस. एक ते चार तासांच्या आतलं म्हणजे अर्धा. त्या काळी ही मोठी प्रगती होती, कारण बेरोजगारी नुसत्या हो-नाही उत्तरांत मावत नाही हे तिने मान्य केलं. पण या मापात साडेचार तास निंदण करणारी आणि दहा तास राबणारी, दोघी सारख्याच. सुखात्म्यांना छळणारी कड इथे वेळेत आली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीत मागच्या सात दिवसांपैकी प्रत्येक दिवशी प्रत्यक्ष किती तास काम केलं, हे विचारलं जातं. तरी चालू साप्ताहिक स्थितीनुसार आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारातच धरला जातो. दरडोई उत्पादकता काढताना तो आणि साठ तास राबणारा, दोघेही एकेकच.

तास विचारले, तरी उत्तर सोपं नसतं. लोणार-मेहकरकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. सकाळी पऱ्हाटीत शिरलेली बाई दिवस कलताना धुऱ्यावर गाठोडं आणते, काट्यावर वजन होतं, पैसे ठरतात. सोयाबीनची सोंगणी एकरावर उक्ती दिली जाते. रोजगार हमीच्या कामात खोदलेल्या मातीचं घनमीटरमध्ये माप निघतं. ऊसतोडीला गेलं, तर नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हिशेब टनांवर. या कोणत्याच व्यवहाराला घड्याळाची गरज नाही. म्हणून पाहणीवाला तास विचारतो तेव्हा समोरचा माणूस आठवणीतून एक गोल आकडा काढून देतो. बहुतेकदा आठ.

या गोल आकड्याने काय होतं ते पाहा. बाईने प्रत्यक्ष साडेपाच तास वेचणी केली आणि नोंद आठ तासांची झाली, तर तिची ताशी उत्पादकता होती त्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी दिसेल. कापूस तेवढाच, बाई तीच. उलट, घरच्या शेतात तिने तीन तास निंदण केलं आणि ‘घरकाम’ म्हणून ते नोंदीतून गळालं, तर त्या शेताची उत्पादकता खोटीच वाढेल. दोन्ही चुका एकमेकींना खोडतील असं मानायला काहीच आधार नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घरासाठी पाणी वाहून आणणं हेही उत्पादनच. पण आपल्या श्रमबल पाहणीत ९३ क्रमांकाचा एक संकेतांक आहे: घरकाम करून शिवाय सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणाऱ्या, घरापुरतं शिवणटिपण करणाऱ्या व्यक्तींसाठी. ज्यांची मुख्य नोंद तिथे होते, त्या श्रमबलाच्या बाहेर. उन्हाळ्यात लांबून पाणी आणणाऱ्या बाईचे तास देशाच्या छेदात येतच नाहीत.

वाट पाहण्याचे तासही असेच निसटतात. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. ओलित करणारा माणूस मध्यरात्री मोटरपाशी बसून असतो. श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००८ मध्ये ठरवलं, की वीज वा यंत्राअभावी कामाच्या जागी थांबलेला वेळ आणि कामातली छोटी विश्रांती हे कामाचेच तास. घरून येण्याजाण्याचा आणि जेवणाच्या सुट्टीचा वेळ मात्र नाही. नियम चांगला आहे. पण झोप मोडून बसलेला हा माणूस विचारल्यावर ‘काल रात्री काम केलं’ असं सांगेलच, असं नाही.

आठवणीवर विसंबायचं नसेल, तर उपाय आहे रोजनिशीचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पहिली वेळ-वापर पाहणी केली, दुसरी २०२४ मध्ये. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ हा काळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत विभागून प्रत्येक खणात काय केलं ते लिहायचं. २०२४ मध्ये विनामोबदला घरकाम करणाऱ्या, ६ वर्षं व त्यावरील स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. जवळपास पाच तासांचा हा डोंगर श्रमबलाच्या तक्त्यांत कधी दिसला नव्हता. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जॉन रॉबिन्सन यांनी लोकांच्या रोजनिशा आणि त्यांनीच सांगितलेले कामाच्या तासांचे अंदाज शेजारी ठेवले, तेव्हा आढळलं की जे स्वतःचे तास फार मोठे सांगतात, त्यांचाच अंदाज जास्त फुगलेला असतो.

आठवड्याला सत्तर, नव्वद तास काम करा असे सल्ले देणाऱ्यांनी हे वाचावं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. सुमारे पन्नास तासांनंतर ताशी उत्पादन घसरत होतं, आणि सत्तर तासांत निघालेला माल छप्पन तासांतल्यापेक्षा फारसा जास्त नव्हता. आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतली दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. असे निर्णय घेताना तासांबरोबर ताशी उत्पादनाची मोजणी झालीच पाहिजे. ती न करता तास वाढवणं माझ्या मते अशास्त्रीय आहे.

जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीचा नमुना जिल्हा हा मूळ घटक धरून निवडला जातो. लोणार ज्यात येतं त्या बुलढाणा जिल्ह्याच्या नोंदी आता अधिक मोलाच्या आहेत, आणि त्या खऱ्या करणं आपल्याही हातात आहे. पाहणीवाला दारात आला, तर सुनेच्या किंवा बायकोच्या वतीने उत्तर देऊ नका. तिला बोलवा, पहाटे चारपासूनचा तिचा दिवस तिलाच सांगू द्या. आणि ती पाणी, चारा, सरपण सांगायला लागली, तर ‘ते काही काम नाही’ म्हणून तिला मध्येच थांबवू नका.