उलट्या वाटेने सापडलेला रोग

आधी रोगी, मग रोग आणि सरतेशेवटी त्याचा जंतू, असा वैद्यकातल्या शोधांचा शिरस्ता. ब्राझीलच्या डॉ. कार्लोस शागास यांनी (इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्यांचे 'चागास' करून टाकले आहे) हा शिरस्ता साफ उलटा केला. त्यांना प्रथम कीटक सापडला, मग त्याच्या पोटातला जंतू, आणि रोगी सर्वांत शेवटी!

१९०७ साली मिनास जेराइस प्रांतात लोहमार्गाचे काम चालू होते आणि मजूर हिवतापाने बेजार झाले होते. त्याच्या बंदोबस्तासाठी शागास लासान्स या आडगावी येऊन राहिले. वय तिशीच्या आत. आगगाडीचा एक डबा. त्यातच बिऱ्हाड आणि त्यातच प्रयोगशाळा.

तेथल्या एका इंजिनियरने त्यांना एक किडा दाखवला. दिवसा कुडाच्या भिंतींच्या भेगांत दडून राहायचे आणि दिवा मालवला की निजलेल्या माणसाचे रक्त प्यायचे, हा त्याचा खाक्या. आपल्या ढेकणाचाच दूरचा भाऊबंद म्हणा ना, पण अंगाने चांगला इंचभर. नेमका तोंडावर चावतो, म्हणून लोक त्याला 'बार्बेइरो', म्हणजे न्हावी, म्हणत!

डास हिवताप पसरवतो हे तोवर सिद्ध झाले होते. मग हा न्हावी तरी रिकाम्या हाताने कसा हिंडत असेल? शागास यांनी त्याचे आतडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तो आत जंतू वळवळताना दिसले. काही किडे त्यांनी रिओला आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्याकडे धाडले. तेथे ते लहानग्या माकडांना चावू दिले, आणि काही आठवड्यांनी माकडाच्या रक्तात जंतू उतरला. शागास यांनी त्याचे नाव ठेवले ट्रिपॅनोसोमा क्रूझी. गुरुदक्षिणा अशीही असते!

आता रोगी हवा होता. लासान्सला परतून त्यांनी घरोघर रक्त तपासायला सुरुवात केली. प्रथम एका मांजराच्या रक्तात जंतू मिळाला. आणि १४ एप्रिल १९०९ रोजी तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीच्या रक्तात.

मात्र शागास यांची एक चूक झाली. त्या भागात गलगंड पुष्कळ. तोही याच जंतूचा प्रताप, असे त्यांनी धरले. विरोधकांनी तेवढेच पकडले. १९२२ साली रिओच्या वैद्यक अकादमीत असा वाद माजला, की रोगाच्या महत्त्वाबद्दलच लोकांना शंका येऊ लागली. शागास १९३४ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्या सेसिलिओ रोमान्या यांनी एक खूण दाखवून दिली: एकाच डोळ्याच्या पापण्या सुजणे. किडा चावता चावता तेथेच घाण करतो, जंतू त्या घाणीत असतात, आणि माणूस डोळा चोळतो. या खुणेवरून गावोगाव रोगी ओळखू येऊ लागले. शागास यांना ते पाहायला मिळाले नाही, याची चुटपुट लागते.

खरी पंचाईत पुढेच आहे. ताप उतरतो, रक्तातले जंतू दिसेनासे होतात, आणि वीस-वीस वर्षे ते हृदयाच्या स्नायूत दबा धरून बसतात. सुमारे तीनांपैकी एकाचे हृदय बिघडते. धडधाकट दिसणारा माणूस अचानक कोसळतो. अशा छुप्या रोग्यासाठी फ्रान्सच्या एमील ब्रूम्प्ट यांनी १९१४ साली मोठी गमतीदार युक्ती काढली. प्रयोगशाळेत वाढवलेले निर्दोष किडे रोग्याला चावू द्यायचे आणि काही आठवड्यांनी त्यांचीच आतडी तपासायची. चोरालाच साक्षीदार केले म्हणायचे! आता रक्तातील प्रतिद्रव्यांवरून निदान होते. लवकर दिली तर गुणकारी ठरणारी औषधेही आहेत. तरी जगात सुमारे सत्तर लाख लोकांच्या अंगात हा जंतू आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. मातीच्या घरातल्या गरिबाचे रक्त तपासायला जाणार कोण?

आणि ती लासान्सची मुलगी? ती बरी झाली, मोठी झाली. १९६२ साली डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासले, तेव्हा हृदय ठीक होते, पण रक्तात तोच जंतू मिळाला. १९७८ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हाही तो होताच.