‘नाइस’ म्हणजे नक्की काय?

श्रोतेहो, आज एकाच शब्दाकडे बघू. शब्द इंग्रजी आहे, पण बारामती-इंदापुरात आता घरोघरी ऐकू येतो. तो म्हणजे ‘नाइस’. मुलाने चित्र काढलं, नाइस. भाजी चांगली झाली, नाइस. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहिले, तेही नाइसच!

आता गंमत बघा. याचं मूळ लॅटिन आहे, ‘नेस्कियस’. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ज्याला काही कळत नाही तो, अडाणी! फ्रेंचमधून साधारण १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. मग अर्थ सरकत गेला. आधी चोखंदळ, नाजूक, पुढे बारीक, काटेकोर. अठराव्या शतकात तो ‘छान’ झाला. म्हणजे मोरोपंत (१७२९-१७९४) इथे बारामतीत आर्या रचत होते, त्याच शतकात तिकडे विलायतेत एका शिवीची स्तुती झाली. पुढे जेन ऑस्टेनने ‘नॉर्दँगर ॲबी’ कादंबरीत एका पात्राकडून या शब्दाची चेष्टाही करून घेतली. का? तर तो सगळ्यालाच लावतात म्हणून.

आजचे उपयोग पाहा. ‘नाइस मॅन’ म्हणजे सज्जन, प्रेमळ माणूस. ‘बी नाइस’ म्हणजे जरा नीट वाग. ‘नाइस अँड वॉर्म’ म्हणजे मस्त ऊबदार. ‘नाइस डिस्टिंक्शन’ मात्र छान फरक नव्हे हं, बारीक फरक. तो जुना अर्थ इथे टिकलाय. आणि काही बिघडल्यावर ‘व्हेरी नाइस!’ म्हटलं, तर ते आपलं ‘छान दिवे लावलेस’.

आता आपला ‘शाबास’ घ्या. तो फारसीतला ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी राहा. हा तर आशीर्वाद आहे. तो देताना समोरच्याकडे बघावं लागतं. ‘नाइस’ मोबाइलवरची नजर न उचलताही म्हणता येतं, आणि अडचण तिथेच आहे.

डाळिंबाच्या सौद्यात व्यापारी नुसतं ‘छान’ म्हणून थांबतो का? रंग बघतो, आकार बघतो, डाग बघतो, मग बोली लावतो. फळाला आपण एवढा वेळ देतो. मुलाच्या चित्राला? ‘नाइस’ ऐकून त्याला काय जमलं ते कळत नाही. ‘नदीचं वळण बरोबर आलंय, पण झाडाची सावली राहिली’ असं म्हटलं, तर पुढच्या वेळी तो सावली काढेल.

अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलताना ‘नाइस’ खुशाल म्हणा, तिथे तो शोभतो. घरच्या माणसाला मात्र काय आवडलं तेही सांगा. एक वाक्य जास्त लागेल, एवढंच.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.